आयनद्रायू : न रुळलेल्या एका शब्दाचा इतिहास

१

मराठी विश्वकोशात 'आयनद्रायु भौतिकी' या शीर्षकाची एक नोंद आहे. पदव्युत्तर वर्गात परिभाषेचा विषय निघाला, की आम्ही हा शब्द फळ्यावर लिहितो आणि त्याचा अर्थ विचारतो. साहित्याचे विद्यार्थी शब्द फोडण्यात तरबेज असतात. 'आयन' म्हणजे विजेशी संबंधित काहीतरी, इथपर्यंत ते येतात आणि 'द्रायू'पाशी अडतात. द्रव आणि वायू या दोन शब्दांची सांधेजोड करून, वाहू शकणाऱ्या कोणत्याही पदार्थासाठी 'द्रायू' हा शब्द घडवला गेला. आणि ज्या द्रायूत विद्युतभारित कण मोकळे फिरत असतात तो आयनद्रायू. इंग्रजीत त्याला प्लाझ्मा म्हणतात. एवढे सांगितले, की वर्गातून एकच सूर उमटतो : मग प्लाझ्माच का म्हणू नये?

प्रश्न रास्त आहे, आणि भाषाभिमानाचा हवाला देऊन तो मिटत नाही. शब्द घडवणाऱ्यांनी आपले काम चोख केले होते. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या जवळजवळ पन्नास वर्षांत 'आयनद्रायू' कोशाच्या पानांबाहेर फारसा पडला नाही. याच पन्नास वर्षांत त्या शास्त्राच्या एका शाखेत मोठी घडामोड झाली. लेसरच्या अतितीव्र प्रकाशाने आयनद्रायू निर्माण करायचा आणि त्यातील आयनांना प्रचंड वेग द्यायचा, अशी ही शाखा. तिच्यातील काही काम मुंबईत कुलाब्याला झाले, काही इंदूरला झाले. मराठी कानांना परकी नसलेली ही गावे. तरीही त्या कामाची हकीकत मराठीत फारशी सांगितली गेली नाही.

आमचे म्हणणे असे, की शब्द न रुळण्याचे कारण त्याच्या घडणीत कमी आणि ही हकीकत न सांगितली जाण्यात अधिक आहे. म्हणणे तपासायचे तर हकीकत सांगून पाहिली पाहिजे. आम्ही मराठीचे अध्यापक आहोत, पदार्थविज्ञानाचे नव्हे; परंतु एखादे ज्ञान मराठी वाक्यात मावते की नाही, हे पाहणे आमच्या विषयाच्या कक्षेत येते असे आम्ही मानतो.

२

घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपण शाळेत शिकतो. वायू तापवत नेला, की एका टप्प्यानंतर अणूंना चिकटून असलेले इलेक्ट्रॉन सुटे होतात. इलेक्ट्रॉन गमावलेला अणू धनभारित होतो, तो आयन. सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांचा हा समुदाय एकूणात उदासीन असतो, पण त्यातून वीज सहज वाहते. आकाशात लवणारी वीज, नळीदिव्यातला चकाकणारा वायू, सूर्य आणि तारे ही याच अवस्थेची रूपे होत. विल्यम क्रुक्स यांनी १८७९ मध्ये निर्वात नळीतल्या विद्युत-प्रयोगांवरून पदार्थाच्या चौथ्या अवस्थेची कल्पना मांडली. ताऱ्यांच्या तापमानाला कोणता अणू किती प्रमाणात आयनरूप होईल, हे सांगणारे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दिले.

'प्लाझ्मा' हे नाव अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली दिले. रक्तातला द्रव जसा पेशींना वाहून नेतो, तसा हा पदार्थ इलेक्ट्रॉन आणि आयन वाहून नेतो, असे साम्य त्यांना जाणवल्याची आठवण त्यांचे सहकारी मॉट-स्मिथ यांनी पुढे लिहून ठेवली. तिचा उरलेला भाग भाषेच्या अभ्यासकाला अधिक मोलाचा वाटेल. सुरुवातीला इतर शास्त्रज्ञांनी हा शब्द उचललाच नाही. उलट वैद्यकीय नियतकालिकांकडून लेखांची मागणी येऊ लागली. म्हणजे ज्या शब्दाची सवय झाल्यामुळे तो आज स्वयंसिद्ध वाटतो, तोही मूळचा ग्रीक, वैद्यकातून उसना घेतलेला आणि आरंभी अवघडच ठरलेला होता. योगायोग असा, की याच १९२८ साली पुण्याहून 'सृष्टिज्ञान' हे विज्ञानाचे मराठी मासिक निघू लागले.

आयनांना वेग देण्याची खटपट याच सुमारास सुरू झाली. अणूच्या गाभ्यात काय आहे हे पाहायचे तर त्यावर वेगवान कण आदळले पाहिजेत. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये उच्च विद्युतदाबाने वेग दिलेल्या प्रोटॉनांनी लिथियमचा अणुगर्भ फोडला. अर्नेस्ट लॉरेन्स यांचे १९३१ मधले पहिले चालते सायक्लोट्रॉन तळहाताएवढे, म्हणजे सुमारे ११ सेंटीमीटर व्यासाचे होते आणि हायड्रोजनच्या आयनांना ८० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देत होते. तिथून यंत्रे वाढत गेली. जिनिव्हाजवळ २००८ साली सुरू झालेल्या महावेगवर्धकाचा परीघ २७ किलोमीटर आहे.

यंत्रे एवढी का वाढली, याचे कारण साधे आहे. कणाला वेग देते ते विद्युतक्षेत्र, आणि धातूच्या पोकळीत ते एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. दर मीटरला काही कोटी व्होल्टच्या पुढे गेले, की ठिणग्या उडतात आणि पोकळीच्या भिंती खराब होऊ लागतात. जोर वाढवता येत नसेल तर वाट लांबवावी लागते. यातून सुटकेचा एक विचार सोव्हिएत शास्त्रज्ञ व्लादिमीर वेक्सलर यांनी १९५६ साली जिनिव्हाच्या परिषदेत मांडला : एकेका कणाला बाहेरून ढकलण्याऐवजी पुष्कळ भारित कणांच्या समूहाकडूनच वेग मिळवावा. आयनद्रायू या कामाला सोयीचा होता. ठिणगीने धातू बिघडतो. ज्यातले अणू आधीच फुटलेले आहेत त्या आयनद्रायूला ठिणगीचे भय उरत नाही.

मात्र तेवढा जोर लावील असे साधन १९५६ मध्ये नव्हते. ते १९६० साली, मे महिन्यात, थिओडोर मेमन यांच्या माणकाच्या लेसरने दृष्टिपथात आणले. लेसरच्या साहाय्याने आयनद्रायूत लाट उठवावी आणि तिच्यावर इलेक्ट्रॉनांना स्वार करावे, हा प्रस्ताव ताजिमा आणि डॉसन यांनी १९७९ मध्ये लिहिला. इलेक्ट्रॉन हलके असतात. प्रोटॉन हा सर्वांत हलका आयन, तरी तो इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड. प्रकाशाने त्याला थेट हलवावे, इतका जोर तेव्हा कोणत्याही लेसरमध्ये नव्हता.

३

जोर येण्याला १९८५ साल उजाडावे लागले. अडचण अशी होती, की लेसरचा स्पंद वाढवत नेला तर तो ज्या काचेतून आणि स्फटिकातून जातो त्यांनाच जाळतो. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलँड आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार्ड मुरू यांनी यावर तोड काढली. त्यांनी लेसरचा छोटा स्पंद सुमारे १.४ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूतून पाठवून आधी कालात ताणला. ताणल्याने त्याची तीव्रता उतरली. मग त्याला निर्धास्तपणे वाढवले आणि शेवटी परत आवळले. स्ट्रिकलँड त्या वेळी पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या. या कामासाठी दोघांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आवळलेला स्पंद म्हणजे काय, हे आपल्या मापांत सांगून पाहू. इंदूरच्या प्रयोगशाळेतील एका लेसरची शक्ती १५० टेरावॉट आहे आणि त्याचा स्पंद २५ फेम्टोसेकंद टिकतो. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटी भागांपैकी एकाचे पुन्हा दहा लाख भाग केले तर त्यांतला एक. १५० टेरावॉट हा आकडा ऐकून छाती दडपते. पण गुणाकार केला तर एका स्पंदातील ऊर्जा चार ज्यूलही भरत नाही. एक किलो साखरेची पुडी जमिनीवरून गुडघ्याच्या आसपास उचलायला एवढी ऊर्जा पुरते. फरक वेळेचा आहे. २५ फेम्टोसेकंदांत प्रकाश जेमतेम साडेसात मायक्रोमीटर जातो. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा हा प्रकाशाचा पापुद्रा तितक्याच बारीक ठिपक्यावर एकवटला, की तिथला कोणताही पदार्थ क्षणात आयनद्रायू होतो.

कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९९६ साली एक पेटावॉट, म्हणजे एक हजार टेरावॉट शक्तीचा लेसर चालू झाला. तो बंद होण्याआधी झालेल्या प्रयोगांचा वृत्तान्त २००० साली प्रसिद्ध झाला. सोन्याच्या आणि प्लास्टिकच्या, सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांवर लेसर सोडला असता, पत्र्याच्या मागच्या बाजूने प्रोटॉनांचा झोत बाहेर पडला. त्यातील प्रोटॉनांची ऊर्जा ५८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पोचत होती आणि १० दशलक्षांहून अधिक ऊर्जेच्या प्रोटॉनांची संख्या सुमारे २० लाख कोटी होती. इंग्लंडमधील व्हल्कन लेसरवर आणि मिशिगन विद्यापीठातही त्याच सुमारास असे प्रोटॉन दिसले होते.

येथे एक कोडे होते. पत्रा सोन्याचा, मग प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा अणुगर्भ, आला कोठून? उत्तर असे, की तो पत्र्याच्या पृष्ठभागावरच्या मळातून आला. कितीही निर्वात केले तरी धातूवर पाण्याच्या वाफेचा आणि तेलकट द्रव्यांचा अतिसूक्ष्म थर बसलेला असतो. त्यात हायड्रोजन असतो. हे प्रोटॉन पत्र्याच्या पुढच्या बाजूने येतात की मागच्या, यावर काही वर्षे वाद चालला. २००४ साली लिव्हरमोरच्या संशोधकांनी पत्र्याची मागची बाजू आर्गॉन आयनांच्या माऱ्याने स्वच्छ केली, तेव्हा प्रोटॉनांचा झोत खूपच ओसरला. मागच्या पृष्ठभागाचे म्हणणे खरे ठरले.

प्रक्रिया अशी घडते. लेसरचा स्पंद पत्र्याच्या पुढच्या बाजूवर आदळला, की तेथील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने पत्रा भेदून मागून बाहेर पडतात. आयन जड, ते जागीच राहतात. मागे धनभार, पुढे ऋणभार, आणि मध्ये काही मायक्रोमीटरचे अंतर. एवढ्याशा अंतरात दर मीटरला एक लाख कोटी व्होल्ट इतके विद्युतक्षेत्र उभे राहते. धातूच्या पोकळीला जे सोसते त्याच्या हे हजारो पट आहे. वासरू सुटून पुढे पळाले, की गाय दावे तोडून त्याच्यामागे धावते. तसे पृष्ठभागावरचे आयन इलेक्ट्रॉनांकडे ओढले जातात, आणि त्यांत सर्वांत हलका म्हणून प्रोटॉन सर्वांच्या पुढे निघतो. प्रकाश प्रोटॉनला हात लावत नाही. तो इलेक्ट्रॉनांना पळवतो, आणि इलेक्ट्रॉन प्रोटॉनला ओढून नेतात. वेक्सलर यांच्या समूहाच्या कल्पनेला येथे एक प्रत्यक्ष रूप मिळाले.

४

या हकीकतीचा आमच्या भूभागाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो दोन वाटांनी पोचतो, आणि दोन्ही वाटा आमच्या नगर जिल्ह्याच्या एकेका जागेवरून जातात. जागांचा संबंध ऐतिहासिक योगाचा आहे. त्याहून मोठा दावा आम्ही करीत नाही.

पहिली जागा अहमदनगरचा किल्ला. ऑगस्ट १९४२ पासून जवाहरलाल नेहरू तेथे कैदेत होते आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी तेथेच एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या काळात लिहिले. त्या ग्रंथात विज्ञाननिष्ठ वृत्तीविषयी जे विवेचन येते ते या कोठडीतले. त्याच वर्षी, मार्च १९४४ मध्ये, होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची एक संस्था मागितली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. कुलाब्याच्या तिच्या इमारतीची कोनशिला नेहरूंनी १९५४ साली बसवली आणि १९६२ साली उद्घाटनही त्यांनीच केले. या संस्थेत जी. रवींद्र कुमार, एम. कृष्णमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिलघू स्पंदांच्या तीव्र लेसरची प्रयोगशाळा उभारली. तीव्र लेसर आणि पदार्थ यांच्या परस्परक्रियेवरील कामासाठी रवींद्र कुमार यांना २०१५ सालचे इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

कृष्णमूर्ती यांच्या गटाचे २०१३ साली प्रसिद्ध झालेले काम आमच्या विषयाच्या अगदी गाभ्यातले आहे. विद्युतक्षेत्र केवळ भारित कणाला वेग देते. उदासीन अणूवर त्याचा जोर चालत नाही. मग उदासीन अणूला वेग कसा द्यावा? या गटाने आर्गॉनच्या अणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांवर लेसर सोडला. पुंजके फुटले, त्यांतून वेगवान आयन निघाले, आणि बाहेर पडता पडता सभोवारच्या पुंजक्यांकडून त्यांनी आपले गमावलेले इलेक्ट्रॉन परत मिळवले. दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा असलेले उदासीन अणू त्यामुळे हाती आले. भार गेला, वेग राहिला.

दुसरी जागा जामखेड तालुक्यातील चौंडी. १७२५ साली येथे जन्मलेल्या मुलीचे नाव २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याला मिळाले. अहिल्याबाईंच्या सासरच्या घराण्याचे, होळकरांचे, इंदूर हे शहर. शहराच्या कडेला सुखनिवास तलाव आणि होळकरकालीन सुखनिवास महाल यांच्या सभोवारची जागा अणुऊर्जा विभागाने लेसर आणि वेगवर्धक यांच्या संशोधनासाठी निवडली. प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांनी बसवली आणि १९८६ च्या जूनमध्ये शास्त्रज्ञांची पहिली तुकडी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून तेथे राहायला गेली. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राला राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले.

मुंबई सोडून माळव्यात गेलेल्या या मंडळींच्या मागे वीस वर्षांची तयारी होती. भाभा केंद्रात १९६४ सालीच गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला होता. तेथील लेसर विभागाचे डॉ. दिलीप भवाळकर इंदूरच्या केंद्राचे संस्थापक-संचालक झाले आणि २००३ पर्यंत त्या पदावर होते. पुढे संचालक झालेले डॉ. पी. डी. गुप्ता आणि डॉ. पी. ए. नाईक हे दोघेही मूळचे लेसर-आयनद्रायूचेच अभ्यासक. दहा टेरावॉटच्या लेसरपासून १५० टेरावॉटच्या लेसरपर्यंत त्यांची प्रयोगशाळा वाढत गेली आणि धातूच्या पातळ पत्र्यांतून प्रोटॉनांचा झोत काढण्याचे प्रयोग तेथे झाले. भवाळकर, नाईक ही आडनावे पाहिली, तर या इतिहासात मराठी माणसे नव्हती असे म्हणता येत नाही. त्यांचे लेखन इंग्रजीत झाले. संशोधनाची ती गरजच आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. उणीव राहिली ती आपल्या बाजूने. ज्यांनी हे काम मराठी वाचकापर्यंत आणायचे, त्यांत साहित्याची आणि समीक्षेची नियतकालिकेही येतात.

५

हे ज्ञान मराठीत येण्याची निकड कोणाला आहे, या प्रश्नाचे एक उत्तर भाषेच्या बाहेर आहे. लेसरने प्रोटॉनांना वेग देता येतो हे दिसताच कर्करोगाच्या उपचाराची आशा व्यक्त होऊ लागली. प्रोटॉनचा गुण असा, की तो शरीरात शिरताना आपली ऊर्जा हात राखून खर्च करतो आणि थांबण्याच्या जागी उरलेली बहुतेक सारी ओततो. गाठ नेमकी त्या ठिकाणी असेल, तर आजूबाजूच्या निरोगी पेशी बऱ्याच वाचतात. रॉबर्ट विल्सन यांनी ही सूचना १९४६ मध्येच केली होती. अडचण यंत्राच्या आकाराची आणि खर्चाची. भारतात चेन्नईच्या एका खासगी रुग्णालयात २०१९ साली प्रोटॉन-उपचार सुरू झाले आणि नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत २०२३ साली. दोन्ही ठिकाणचे वेगवर्धक जुन्या पद्धतीचे आहेत, लेसरवर चालणारे नाहीत.

लेसर-वेगवर्धक त्यांची जागा घेईल काय? खोलवरच्या गाठीला २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पलीकडे जाणारी ऊर्जा लागते. २००० साली ५८ चा आकडा गाठला गेला. तो ९४ च्या पुढे जायला २०१८ उजाडले, आणि जर्मनीत ड्रेस्डेन येथे १५० चा आकडा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील संशोधकांनीच लेसरजन्य प्रोटॉनांनी उंदरांतील गाठींवर किरणोपचार केल्याचे २०२२ साली प्रसिद्ध केले. ऊर्जेखेरीज आणखी अडचणी आहेत. लेसरच्या झोतात सर्व प्रोटॉन एका ऊर्जेचे नसतात. लहानमोठ्या ऊर्जांची ती सरमिसळ असते, आणि एका स्पंदाचा झोत दुसऱ्यासारखा निघेल याची खात्री नसते. उपचारात असा चढउतार चालत नाही. माणसाच्या उपचारापर्यंत ही वाट अद्याप पोचलेली नाही. चोवीस वर्षांत ५८ वरून १५० वर येणे हे शास्त्राच्या दृष्टीने मोठे यश आहे. रोग्याच्या दृष्टीने ती दीर्घ प्रतीक्षा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आमच्या जिल्ह्यातून, जामखेड-पाथर्डीपासून अकोल्यापर्यंतच्या गावांतून, कर्करोगाचे रुग्ण मुंबईची वाट धरतात. बरोबर एखादा भाऊ किंवा मुलगा असतो. यंत्राखाली आडवे होण्याआधी समोर आलेल्या कागदावर सही करायची असते, आणि 'हे काय करतात?' या प्रश्नाला बरोबरच्या माणसाला उत्तर द्यावे लागते. वर्तमानपत्रात वाचलेल्या 'चमत्कारी लेसर'ची आणि खरोखर मिळणाऱ्या उपचाराची त्या वेळी गल्लत होऊ नये, एवढे मराठी त्याच्यापाशी असले पाहिजे. प्रोटॉन म्हणजे काय, तो कोठे थांबतो, कोणते यंत्र आज वापरात आहे आणि कोणते अद्याप प्रयोगशाळेत आहे, हे सांगणारी चार सरळ वाक्ये. परिभाषाकोश त्याच्या हाती देऊन हे काम होणार नाही. तसेच ते न सांगता 'तज्ज्ञांवर सोपवा' असे म्हणूनही होणार नाही.

६

आता मूळ प्रश्नाकडे. वरील हकीकत सांगताना आम्ही 'आयनद्रायू' हा शब्द मुद्दाम वापरला. वाचकाला तो पहिल्या परिच्छेदात जितका खुपला तितकाच येथेही खुपतो आहे काय, हे त्याने स्वतःशीच पाहावे.

याच्या शेजारी दुसरा शब्द ठेवून पाहण्यासारखा आहे. 'कृष्णविवर' हाही घडवलेलाच शब्द; पण तो रुळला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाने नारायण विनायक जगताप हे टोपणनाव घेतले होते. ते जयंत विष्णू नारळीकर आहेत हे नंतर कळले. पुढे नारळीकरांनी हा शब्द कथांतून, लेखांतून आणि भाषणांतून सहजपणे खेळवला. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तोवर 'कृष्णविवर' हा शाळकरी मुलाचाही शब्द झालेला होता. त्याला शब्दाबरोबर गोष्ट मिळाली. आयनद्रायूला ती मिळाली नाही.

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो आम्हाला मान्य आहे. 'कृष्णविवर' कानाला पारदर्शक आहे; 'कृष्ण' आणि 'विवर' ही दोन्ही पदे आधीच ओळखीची. 'द्रायू' मात्र दोन शब्दांना कापून जोडलेला. घडणीचा दोष काही अंशी आहेच. परंतु लँगम्यूर यांचा 'प्लाझ्मा' तरी कोठे पारदर्शक होता? ऐकणाऱ्याला त्यावरून रक्तच आठवत होते. त्याला रुळवले ते त्या शब्दाने सांगितल्या गेलेल्या पुढच्या शंभर वर्षांच्या कामाने. तेव्हा पारदर्शकतेने शब्दाचे काम सोपे होते एवढे खरे. ती नसली म्हणजे शब्द मरतोच असे नाही.

येथे नेवाशाची आठवण होणे अपरिहार्य आहे. प्रवरेच्या काठी, याच जिल्ह्यात, शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतेचे ज्ञान मराठीत सांगितले. त्या टीकेची भाषा पाहिली, तर त्यांनी संस्कृत परिभाषा हट्टाने बदललेली दिसत नाही. 'प्रकृती', 'पुरुष', 'कर्म', 'गुण' हे शब्द जसेच्या तसे राहिले. ज्ञानदेवांनी त्यांच्याभोवतीची वाक्ये मराठी केली आणि दृष्टान्त आपल्या शिवारातले, घरातले आणले. शब्द परका आहे की आपला, याची चिंता त्यांनी केली नाही. ऐकणाऱ्याला विषय समजतो की नाही, याची केली. वर आम्ही गाय-वासराचा आधार घेतला तो याच परंपरेतून. त्या एका वाक्याने वर्गात जे काम झाले, ते 'द्रायू'ची व्युत्पत्ती सांगून झाले नव्हते.

यावरून आम्ही काढलेला निष्कर्ष माफक आहे. 'प्लाझ्मा' म्हणायचे की 'आयनद्रायू', याचा निकाल समितीने लावण्याची गरज नाही. 'लेसर' हा शब्द आपण तसाच घेतला, 'लेझर' असेही म्हणतो, आणि त्याने मराठीचे काही बिघडलेले नाही. दोन्ही शब्द हकीकतीत वापरले जावोत. जो टिकेल तो टिकेल. मात्र हकीकत सांगितलीच गेली नाही, तर 'प्लाझ्मा' हा शब्दही मराठीत नुसता ऐकीव राहील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो दर्जा आपल्या जुन्या ग्रंथसंपत्तीच्या बळावर मिळालेला आहे. त्या ग्रंथांनी आपल्या काळातले अवघड ज्ञान मराठीत आणले होते, ही गोष्ट आनंदोत्सवात मागे पडू नये.

आम्ही आमच्या वर्गापुरता एक बदल केला आहे. शब्द फळ्यावर लिहून अर्थ विचारण्याची पद्धत सोडली. आता आधी सोन्याच्या पत्र्याची आणि त्याच्यावरच्या मळाची गोष्ट सांगतो, मग विद्यार्थ्यांना ती आपल्या शब्दांत लिहायला देतो. गेल्या वेळच्या वह्यांत निम्म्याअधिक मुलांनी 'प्लाझ्मा' लिहिले होते, काहींनी 'आयनद्रायू', आणि पारनेरकडच्या एका मुलीने दोन्ही टाळून 'फुटलेल्या अणूंचा लोट' असे लिहिले होते. तिन्ही उत्तरांना आम्ही पूर्ण गुण दिले.